ओबेरॉनच्या पाइनखालची केशरी अळंबी

सिडनीहून पहाटे निघालो तेव्हा एक पातळ स्वेटर पुरत होता. ब्लू माउंटन्स ओलांडून ओबेरॉनला पोचलो तर गाडी बाहेरचं तापमान ४ अंश दाखवत होती आणि गावावर धुकं उतरलेलं होतं. अंतर साधारण १८० किलोमीटर. आमच्या शेजारच्या पोलिश आजी मागच्या सीटवर वेताची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दर एप्रिलला, म्हणजे इथल्या शरदात, त्या इथे अळंबी वेचायला येतात. यंदा त्यांना गाडी चालवणं जमत नाही, म्हणून आम्ही निघालो.

पाइनचं जंगल म्हटलं तरी ही लागवड आहे. रेडियाटा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, लाकडासाठी इथे लावलेला. सरळ ओळी, आत गारवा आणि पायाखाली वाळक्या सुयांचा वीतभर थर. सुरुवातीला मला काहीच दिसेना. आजी म्हणाल्या, "रंग शोधू नकोस मुली, उंचवटा शोध." सुया जिथे किंचित वर उचलल्यासारख्या दिसत होत्या, तिथे त्यांनी त्या काठीने हलकेच बाजूला केल्या आणि खालून गाजराच्या रंगाची छत्री निघाली.

इथे तिला सॅफ्रन मिल्क कॅप म्हणतात, आजी रिड्झ म्हणतात. छत्रीवर एकात एक फिकट-गडद वर्तुळं, मध्ये खोलगट. चाकूने देठ कापला की केशरी चीक येतो आणि थोड्या वेळाने तिथे हिरवट डाग पडतात. देठ आतून पोकळ, आणि मोडला तर खडूसारखा कट्कन तुटतो. आजींनी यातली प्रत्येक खूण माझ्याकडून तीनदा वदवून घेतली, मगच चाकू हातात दिला.

ते योग्यच होतं. दहा पावलांवर लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अळंबी दिमाखात उभी होती. तिच्यापेक्षाही भयंकर डेथ कॅप. ती ओकच्या झाडांखाली उगवते, दिसायला साधी, आणि शिजवूनही तिचं विष जात नाही. २०१२ साली कॅनबेरात ती खाऊन दोघांचा जीव गेला. शंका आली की अळंबी जमिनीवरच राहू द्यायची. जाणत्या माणसाशिवाय कुणी टोपली घेऊन जाऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

टोपली भरत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला, कुडाळहून. तिला ढीग दाखवला. तिचा पहिला प्रश्न: "थंय वारूळ असा काय?"

आमच्याकडे आषाढ-श्रावणात अळमी येतात त्या वारुळावर. वाळवी जमिनीखाली ती बुरशी जोपासते. वाळवी नाही तर अळमी नाही. इथे वाळवीच्या जागी पाइनची मुळं आहेत, हे मी आईला समजावलं. बुरशीचे धागे मुळांना लपेटून त्यांना पाणी आणि फॉस्फरस पुरवतात, झाड त्यांना साखर देतं. म्हणून ही अळंबी बटण मशरूमसारखी शेडमध्ये कंपोस्टवर येत नाही, तिला जिवंत झाड लागतं. ती मूळची युरोपातली, आणि पाइनच्या मुळांसोबतच इथवर आली असं मानतात. आजींनी मान डोलावली. "आमच्या पाठोपाठ आली," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ पुढे काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरात मोठ्या छत्र्या उलट्या, पाकळ्यांची बाजू वर करून, लोण्यात भाजल्या. वर फक्त मीठ. सोबत राय ब्रेड. दाणेदार, चावायला घट्ट, किंचित राळेचा वास. उरलेल्यांचं मी घरी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून सुकं केलं. चव छान आली, पण वाटणाचीच. या अळंबीला लोणी-मीठच हवं. (दुसऱ्या दिवशी लघवीला केशरी रंग दिसला तर घाबरू नका, तो हिचाच.)

चार छत्र्या मी खिडकीत कापडावर वाळत घातल्या आहेत. आईला वास घेऊन बघायचाय.