चहाचा चोथा

आमच्या घरात भांडण होतं ते चहाच्या चोथ्यावरून. बायकोला तो गुलाबाच्या कुंडीत घालायचा असतो आणि मला पानिपतावर.

मला टेबलावरच्या लढायांचा नाद आहे. चिमुकले सैनिक रंगवायचे, मांडायचे, टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे आणि हल्ल्याचा निकाल फाशांवर सोडायचा. २८ मिलिमीटरचे सैनिक जास्त देखणे, पण त्यांच्या मोठ्या लढाईला सहा बाय चार फुटांचं टेबल लागतं. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेवढ्या जागेत दोन माणसं झोपतात. म्हणून मी १५ मिलिमीटरवर समाधान मानलं. सैनिकाच्या पायाखालच्या चकतीला फेविकॉल लावून वाळवलेला चोथा भुरभुरवला की हुबेहूब नांगरलेली जमीन दिसते. त्यासाठी परदेशी पाकिटंही मिळतात, पण त्याचे पैसे घरात कुठल्या तोंडाने सांगायचे?

डायनिंग टेबलावर लढायची परवानगी रविवारी जेवणं आटोपल्यापासून चहापर्यंत. तेवढ्यात साधी फळीसुद्धा फुटत नाही. शेवटी इंजिनिअरिंगचा जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला. आता लढाई त्याच्यावर मांडतो आणि चहाची वेळ झाली की जशीच्या तशी दिवाणाखाली सरकवतो. पुढचा रविवार उजाडेपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी तिथे दबा धरून असतात. लादी पुसणाऱ्या मावशी रोज दारातूनच ओरडतात, "दादा, तुमचं पानिपत वर घ्या!" एकदा मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन पाहतो तर अब्दालीचे उंट सोफ्याखाली आणि डावी बगल बादलीत. खरं पानिपत १४ जानेवारी १७६१च्या एका दिवसात आटोपलं, माझं तीन महिने चाललं होतं.

एकदा इतिहासाचा आधार घेऊन पाहिला. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने असाच नकाशावरचा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण त्यांना पगार मिळायचा."

(पावसाळ्याबद्दल न बोललेलं बरं. जुलैच्या दमट हवेत गॅलरीत प्रायमर फवारला, तो सैनिकांवर पिठासारखा बसला आणि उरलेला शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर.)

दिवाळीत मात्र चित्र पालटलं. सोसायटीच्या आवारात मुलांनी किल्ला केला, अळीव पेरला, जांभळी नाक्यावरून मातीचे मावळे आणले. आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी शत्रूसाठी माझे गारदी मागितले. महाराजांच्या काळात गारदी नव्हते, हे मी गिळलं. पण प्रमाणाचं काय? मातीचे महाराज वीतभर, माझे सैनिक त्यांच्या मोजडीएवढे. ते मी बोलून दाखवलं.

"बाबा, ते लांब आहेत ना," तो म्हणाला, "म्हणून लहान दिसतात."

त्याने ते खरंच किल्ल्याच्या पार मागच्या कडेला, विटेच्या डोंगरापलीकडे उभे केले. मी उकिडवा बसून बघितलं. फौज चांगली दोन कोसांवरून चालून येत होती. इतकी वर्षं इंच मोजतोय, मला हे कधी सुचलं नव्हतं. पायवाटेसाठी बायकोने आपण होऊन आठवड्याचा चोथा डब्यातून आणून दिला, तेव्हा मी गप्प राहिलो. अशा वेळी बोलू नये.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला. गारद्यांची गिनती केली तर एक कमी. किल्ल्याची माती बायकोने कुंड्यांत भरली होती. जानेवारीत गुलाबाला पाणी घालताना मातीतून बंदुकीचं टोक वर आलेलं दिसलं. काढायला हात घातला तर म्हणाली, "राहू दे. मुळं दुखावतील."

तो अजून तिथेच आहे, कमरेपर्यंत चोथ्यात.