इंजिन उतरवायची नेमकी तारीख

इंजिन उतरवायची तारीख कशी ठरते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपूरच्या मिहानमध्ये विमानाच्या इंजिनांच्या देखभालीचं वेळापत्रक लावतो म्हटलं, की पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "भाऊ, बिघडलं नाही तं खोलता काऊन? अन् एवढे सेन्सर असून कॉम्प्युटर तारीख काऊन सांगत नाही?"

काही भागांची तारीख ठरलेलीच असते. बोइंग ७३७ला असणाऱ्या सीएफएम ५६-७बी इंजिनाच्या कोअरमधल्या, म्हणजे आतल्या गाभ्यातल्या, डिस्क साधारण २०,००० उड्डाणांनंतर बाद. भांडण बाकीच्यांचं, कारण त्यांचं नुसतं वय पाहून भागत नाही. विमानांच्या देखभालीवरच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८च्या अहवालात जेमतेम ११ टक्के भागांत वयाबरोबर बिघाड वाढताना दिसला.

एका एप्रिलमधलं इंजिन मात्र अजून डोक्यात आहे. टेकऑफचं एक्झॉस्ट तापमान मर्यादेकडे सरकत होतं. कॉम्प्रेसर धुतला, थोडं सावरलं, पुन्हा सरकलं. बोअरस्कोपच्या, म्हणजे इंजिन न खोलता आत घालायच्या कॅमेऱ्याच्या, पडद्यावर टर्बाइनच्या एका पात्याचा लेप उडालेला, मागच्या कडेला केसाएवढी चीर. मॅन्युअलच्या हिशेबात बसणारी. लवकर लवकर तपासत आणखी उडवता आलं असतं. पण पुढे नागपूरचा मे, पंचेचाळीसचा पारा, आणि बदली इंजिन तेवढे दिवसच मोकळं. मी 'उतरवा' लिहिलं.

खोललं, तर चीर होती तेवढीच. मीटिंगमध्ये साहेबांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "पावसाळ्यापर्यंत आरामात गेलं असतं ना?"

गेलं असतं, कदाचित. पण ते सिद्ध कसं करणार? त्यांना येत नाही, मलाही येत नाही. मी तावातावाने साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीच्या २०१८च्या अपघाताचं सांगितलं: फॅनचं पातं ३२,०००हून जास्त उड्डाणांनंतर तुटलं, एका प्रवासी बाईचा जीव गेला, २०१२च्या तपासणीत चीर बहुधा नजरेतून सुटली होती. खोलीत सगळे गप्प. खरं सांगायचं तर त्या पात्याचा आमच्या इंजिनाशी काडीचा संबंध नव्हता. उत्तर सुचलं नाही की मी ते उदाहरण काढतो.

कॉलेजात वायबुलचे, म्हणजे भाग कधी बिघडेल याच्या शक्यतेचे, आलेख काढताना वाटायचं, खर्चाची रेघ जिथे सगळ्यात खाली, तीच तारीख. कॉलेजातल्या त्या पोराला, म्हणजे तेव्हाच्या मला, आता सांगतो, अरे, तळाशी रेघ बरेचदा सपाटच असते, आणि वेळेत उतरवलेलं इंजिन कधी बिघडलं असतं हा आकडा तुला मिळतच नाही. तो म्हणतो, मग काय, साहेबांच्या आवाजावर ठरवणार? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. गणित केलं की निदान काय धरून चाललो ते कागदावर येतं.

तशीच चीर पुन्हा दिसली तर? आधी विचारीन, बदली इंजिन कुठे आहे.