बकेटच्या दाताचं डिझाइन, आणि हार्डनेसचा दाखला

पोकलेनच्या बकेटचा दात डिझाइन करतोय म्हटलं की सगळे टोकाच्या आकाराबद्दल विचारतात. तो भाग फार अवघड नव्हता. 20 टनी मशीन, काळ्या दगडाची खाण, सुमारे 6 किलोचा दात, बकेटच्या ओठावर (पुढच्या पट्टीवर) वेल्ड केलेला अडॅप्टर, ज्याच्या नोजवर म्हणजे पुढच्या टोकावर दाताची पोकळी चढते, आणि आडवी पिन, एवढं ठरल्यावर ड्रॉइंग झालं. कोल्हापूरच्या फौंड्री पट्ट्यात पॅटर्न आणि कास्टिंगही रीतसर मिळालं. घोडं पेंड खाल्लं ते हीट ट्रीटमेंटच्या (तापवून, पाण्यात विझवून कडक करण्याच्या) दाखल्यावर, आणि त्या शॉपवरचा राग अजून गेलेला नाही.

मटेरियल साधं आहे: लो अलॉय कास्ट स्टील, कार्बन 0.28 ते 0.32 टक्के, सोबत क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि थोडं निकेल. दाताला हार्डनेस, म्हणजे कडकपणा, रॉकवेल सी या मापात 47 ते 50 हवा. अडॅप्टर मुद्दाम मऊ, 32 ते 38, कारण तो वेल्ड होतो आणि बरेच दात झिजेपर्यंत त्याला टिकायचं असतं. 'मँगनीज स्टीलचा दात करा' असा सल्ला हमखास मिळतो. 11 ते 14 टक्के मँगनीजचं हॅडफील्ड स्टील पाणी देऊन निघतं तेव्हा जेमतेम 200 ब्रिनेल (हार्डनेसचं दुसरं माप), म्हणजे मऊच असतं आणि जोरदार मार बसला तरच कडक होतं. क्रशरच्या जॉ प्लेटला तो मार मिळतो. मुरमात घासणारा दात मात्र कडक होण्याआधीच झिजून जातो.

आता दाखला. प्रत्येक बॅचसोबत कागद यायचा: हार्डनेस 49, 50, 49, सगळं मर्यादेत. खाणीत मात्र दात सुरुवातीला छान चालायचे आणि टोक थोडं गेलं की उरलेला भाग भराभर संपायचा. म्हणजे वरची कातडी कडक आणि पोट मऊ. शॉपचं उत्तर ठरलेलं: 'ड्रॉइंगप्रमाणे आहे.' रीडिंग घेतलं जायचं मागच्या कडेवर, जिथे भिंत 12 ते 15 मिमी आहे आणि पाण्यात सर्वात आधी गार होते. टोकाच्या मुळाशी जाडी 60 मिमीच्या आसपास, आणि दाताचं आयुष्य तिथेच ठरतं. एक दात कापून बघा म्हटलं, तर चांगला पीस वाया जातो म्हणून टाळाटाळ. पुढची बॅच पडून, ग्राहक खोळंबलेला, आणि हातात फक्त शिक्का मारलेला कागद.

शेवटी दात आम्हीच कापून घेतला. गॅस कटिंग अजिबात चालत नाही. त्या उष्णतेने कापलेल्या कडेचा हार्डनेस बदलतो आणि वाद तसाच राहतो. वायर कट (तारेच्या ठिणगीने कापणं) करा, किंवा भरपूर कूलंट सोडून अ‍ॅब्रेसिव्ह व्हीलने कापा. कापलेल्या तोंडावर पृष्ठभागापासून मध्यापर्यंत दर 5 मिमीला रीडिंग घ्या. पहिला मिलिमीटर धरू नका, भट्टीत तिथला कार्बन जळून जातो. आमच्या दाताच्या मध्यात 38 निघालं.

कारणं दोन सापडली. बास्केटमध्ये दात एकमेकांना चिकटून रचलेले होते, आणि पोकळी खाली तोंड करून. त्या पोकळीत वाफ कोंडते आणि आतून पाणी लागतच नाही. शिवाय टाकीतलं पाणी पुरेसं ढवळलं जात नव्हतं. दात सुटे आणि पोकळी वर करून ठेवले, ढवळणं वाढवलं, तेव्हा मध्यात 46 आलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. स्पेक्ट्रो रिपोर्टही (स्टीलमधल्या घटकांचा तपासणी अहवाल) दर हीटचा, म्हणजे दर वितळणीचा मागा. मॉलिब्डेनम महाग, त्यात हात आखडला की बाहेर हार्डनेस मिळतो पण तो आतपर्यंत जात नाही.

पाणी दिल्यावर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा थोडं तापवणं) लगेच, दात पूर्ण थंड पडायच्या आत. रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी पोकळीच्या कोपऱ्यात तडे दिसतात. तापमान 200 ते 220 अंश. तड्यांच्या भीतीने कुणी 300 ला नेतं, ते आणखी वाईट. साधारण 260 ते 370 अंशांच्या पट्ट्यात हे स्टील ठिसूळ होतं आणि हार्डनेस टेस्टमध्ये ते कळत नाही. आतल्या कोपऱ्यांना किमान 6 मिमी त्रिज्या द्या, निम्मे तडे तिथेच थांबतात.

म्हणून ड्रॉइंगवर नुसता 'हार्डनेस 47 ते 50' लिहू नका. कुठे मोजायचं ते बाणाने दाखवा, 'मध्यभागी किमान 45' लिहा, आणि दर बॅचला एक दात कापण्याचा खर्च ऑर्डरमध्येच धरा. कापलेल्या दातात कोअर (ओतताना पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) सरकलाय का तेही दिसतं: एक भिंत जाड, दुसरी पातळ.

मापांबद्दल राहिलंच. वापरलेल्या अडॅप्टरच्या नोजवरून स्कॅन घेऊ नका, झिजलेलं माप कॉपी होतं आणि नवा दात पहिल्या दिवसापासून हलतो. जोर नोजच्या तिरप्या आणि सपाट बाजूंनी घ्यायचा. पिन फक्त दात निसटू नये म्हणून असते. दाताच्या मागे आणि अडॅप्टरच्या खांद्यात 2 ते 3 मिमी फट सोडा. नोज झिजली की दात मागे सरकून पुन्हा घट्ट बसतो. फट नसेल तर तो खांद्यावर टेकतो, खुळखुळतो आणि पिन तोडतो.

अडॅप्टर वेल्ड करताना 150 ते 200 अंश प्रीहीट, 7018 नंबरचे वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढलेले, कोरडे, आणि वेल्ड ओठाच्या पुढच्या कडेपर्यंत न नेता आधीच थांबवा. कडेला संपवलेल्या वेल्डपासूनच ओठ फाटतो.

कोपऱ्याचे दात आधी झिजतात, ते मधल्यांशी अदलाबदल करत राहा आणि टोकातून पोकळी दिसायच्या आत बदला. पिन काढताना ड्रिफ्ट (पिन ठोकून काढायची सळई) वापरा, डोळ्यांवर गॉगल हवाच. हातोडा थेट दातावर बसला तर इतक्या कडक स्टीलचा कपचा उडतो.