जुन्या फोनवर लिनक्स : मॉडेलआधी चिप पाहा

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचाच कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा गाभा, असतो, म्हणून फोनवर लिनक्स चालवणे सोपे असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात फोनसोबत मिळणारा कर्नल बहुधा मूळ लिनक्सच्या एखाद्या जुन्या आवृत्तीतून फुटलेला असतो. चिप बनवणाऱ्या कंपनीने त्यात केलेले पुष्कळसे बदल मूळ प्रकल्पापर्यंत पोहोचतच नाहीत आणि काही वर्षांनी अपडेट बंद झाले की धडधाकट फोन निकालात निघतो. २०१७ साली सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प नेमका याच दुखण्यावर इलाज शोधतो आहे. अल्पाइन लिनक्स या लिनक्सच्या आटोपशीर प्रकारावर उभारलेल्या या प्रणालीने फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळवून देण्याचे ध्येय समोर ठेवले, आणि मला ते मनापासून पटते.

आपल्या फोनविषयी माहिती शोधताना मॉडेलचे नाव टाकले की बहुतेक कस्टम रॉमच, म्हणजे इतरांनी बदलून तयार केलेल्या प्रणालीच, हाती लागतात, आणि त्या शेवटी अँड्रॉइडच असतात. त्याऐवजी फोनमध्ये कोणती चिप आहे, हे आधी पाहावे. रेडमी २ आणि लेनोवो ए६००० हे २०१५च्या सुमारास भारतात विकले गेलेले फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले, तरी दोन्हींत स्नॅपड्रॅगन ४१० आहे. त्या चिपसाठी मूळ कर्नलमध्ये झालेल्या कामाचा फायदा दोघांनाही मिळतो. २०१८च्या वनप्लस ६ आणि पोको एफ१ यांचे नाते स्नॅपड्रॅगन ८४५मुळे असेच जुळते.

चिपनंतर सांकेतिक नाव, म्हणजे मॉडेलला बाजारातल्या नावाखेरीज असलेले अंतर्गत नाव. पोको एफ१चे ‘बेरिलियम’ हे नाव घेऊन शोधले, तर दुकानदारालाही ठाऊक नसेल अशी एक गोष्ट कळते : या एकाच मॉडेलमध्ये तियान्मा आणि ईबीबीजी अशा दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पडदे बसवलेले आहेत, बाहेरून त्यांतला फरक ओळखू येत नाही, आणि पोस्टमार्केटओएस बसवताना आपल्या हातातल्या फोनचा पडदा कोणता, हे ठरवूनच पुढे जावे लागते. असले तपशील स्वतः फोन उघडून, तपासून लिहून ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचे ऋण मोठे आहे.

फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल यांपैकी कोणता इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची मांडणी, घ्यावा, हा आवडीचा प्रश्न आहे. त्यावर फार वेळ घालवू नये. त्यापेक्षा त्या फोनवर कॉल, आवाज आणि कॅमेरा चालतात का, हे बारकाईने वाचावे. भारतात तर कॉलचा मुद्दा सर्वांत आधी येतो, कारण जिओच्या जाळ्यात २जी-३जी नाहीच आणि तिथे साधा फोन करायलाही व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, लागते. ती चालत असल्याची स्पष्ट नोंद सापडत नसेल, तर नेहमीचे सिम जुन्या फोनमध्ये न टाकता तो वायफायवर वापरावा.