आई ‘डिपेंडंट’ नाही

मी अमेरिकेत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. १०९९-एसए हा कागद टेबलावर आला की मी एक प्रश्न हमखास विचारते. सरकारच्या कुठल्या फॉर्मवर तो नाही. "हे पैसे कोणाच्या उपचारांवर खर्च झाले?" वर्षभरात एचएसए या उपचारांसाठीच्या बचत खात्यातून किती रक्कम काढली तेवढंच त्या कागदावर छापलेलं असतं. २०२५च्या मार्चमधल्या एका शनिवारी, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या टॅक्स ऑफिसात, मी एका जुन्या क्लायंटना हे विचारलं. रक्कम होती ६,२०० डॉलर.

"आईच्या बायपासला, ताई. नाशिकला झाली ऑगस्टमध्ये. आता घरातल्या घरात चालते."

मी पेन खाली ठेवलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजेच एचएसए, ही सोय अमेरिकेत २००४ पासून आहे. ज्यांच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो (२०२४मध्ये कुटुंबासाठी किमान ३,२०० डॉलर), त्यांना हे खातं उघडता येतं. त्या वर्षी कुटुंबाला ८,३०० डॉलरपर्यंत भरता येत होते. भरताना फेडरल टॅक्स नाही, रक्कम वाढताना नाही आणि औषधपाण्याला काढली तर तेव्हाही नाही. शिल्लक वर्षअखेर बुडत नाही. आमचं न्यू जर्सी राज्य ही सवलत मानत नाही, ते वेगळं. पण भलत्या कामाला पैसे काढले आणि वय ६५च्या आत असलं, तर इन्कम टॅक्स लागतो आणि वर २० टक्के दंड.

उपचार कोणाचे चालतात? स्वतःचे, नवऱ्याचे किंवा बायकोचे, आणि डिपेंडंटचे, म्हणजे कायद्याच्या लेखी तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाचे. या शेवटच्या शब्दापाशी सगळं अडलं. आईचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असलात, तरी ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी नसेल तर कायद्याने डिपेंडंट होत नाही. कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना सूट आहे, नाशिकच्या नाही. बायको नाशिकला राहत असती तर तिचा खर्च चालला असता, कारण जोडीदाराला ही अटच नाही.

हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण बँकेच्या साइटवर तीनच पर्याय होते. सेल्फ, स्पाउस, डिपेंडंट. मी डिपेंडंट निवडलं. बाबा गेल्यापासून तिचं सगळं मीच बघतो. लाइटबिल, कामाच्या मावशी, गोळ्या. ती माझ्यावर अवलंबून नाही तर कोणावर आहे?"

मला त्या साइटचा मनापासून राग आला. पैसे काढताना ‘ही व्यक्ती कुठे राहते’ एवढी एक ओळ विचारली असती तर हा माणूस तिथेच थांबला असता. बँक म्हणते जबाबदारी खातेदाराची. कंपनीचा एचआर नव्या माणसाला किती पैसे भरता येतात ते उत्साहाने सांगतो, काढायचे कोणासाठी हे सांगत नाही. इथल्या आपल्या निम्म्या लोकांचे आईवडील तिकडे आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

हिशेब केला. २२ टक्क्यांच्या दराने १,३६४ डॉलर टॅक्स, वर १,२४० दंड. एकूण २,६०४.

बँकेला फोन लावला. चुकून काढलेली रक्कम परत भरण्याची तरतूद आहे, पण ती चूक वस्तुस्थितीबद्दलची हवी. बिल दोनदा दिलं गेलं, असं काहीतरी. इथे वस्तुस्थिती त्यांना पुरती ठाऊक होती, नियम ठाऊक नव्हता. फोनवरचा मुलगा मात्र म्हणाला, फॉर्म पाठवतो, टिक करा आणि सही करा. मी क्लायंटना सांगितलं की ही सही मी तुम्हाला करू देणार नाही. ते म्हणाले, "मलाही नको, ताई. आईला पैसे पाठवले ही चूक झाली, असं मी लिहून देणार नाही."

उरला एक रस्ता. एचएसएमधून खर्च वसूल करायला मुदत नसते, म्हणजे आज काढलेल्या पैशांसमोर स्वतःच्या, बायकोमुलांच्या उपचारांची मागच्या वर्षांची बिलंही लावता येतात. खातं उघडल्यानंतरचा खर्च हवा, तो विम्याने किंवा आणखी कोणी भरून दिलेला नसावा आणि त्यावर आधी वजावट घेतलेली नसावी. यांचं खातं २०१७चं, आणि दरवर्षी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, घेतलेलं; उपचारांच्या खर्चाची वेगळी वजावट कधीच नाही. मी विचारलं, "घरी जुनी बिलं आहेत?" त्यांनी बायकोला फोन केला. तासाभरात वहिनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

त्या डब्यावर आम्ही दीड तास बसलो. दुकानांच्या थर्मल पावत्या कोऱ्या झाल्या होत्या. प्रकाशाकडे धरून, तिरक्या करून पाहिल्या, एक अक्षर लागेना. (घेतल्या दिवशी फोटो काढा, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगते.) विमा कंपनीची पत्रं ढीगभर होती, पण त्यांवर फक्त तुमचा वाटा किती ते असतं, तो भरल्याचा पुरावा नसतो. पत्राची तारीख आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट जुळवत एकेक खर्च उभा केला. मुलीच्या दातांच्या तारा, ३,२००. वहिनींच्या हाताला टाके पडले त्या रात्रीचं इमर्जन्सीचं बिल, १,१५०. चष्मे, ३०२. आणि तळाशी पुण्याच्या डेंटिस्टच्या लेटरहेडवर हाताने लिहिलेली पावती: रूट कॅनल आणि कॅप, १८,००० रुपये, डिसेंबर २०२२. खाली एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप आणि त्याच्यावरून गेलेली निळी सही. त्या दिवसाच्या दराने २१८ डॉलर. उपचार परदेशात झाले तरी चालतात.

"म्हणजे माझी दाढ पुण्यात चालते," ते म्हणाले, "आणि आईचं हृदय नाशिकला चालत नाही."

एकूण ४,८७० झाले. एचएसएचा हिशेब द्यायच्या फॉर्म ८८८९च्या १५व्या ओळीत, म्हणजे नियमात बसणाऱ्या उपचारखर्चाच्या ओळीत, मी तेवढे लिहिले. उरलेले १,३३० सोळाव्या ओळीत, करपात्र. टॅक्स आणि दंड मिळून सुमारे ५५९ डॉलर.

हे नियमात बसतं, याची मला खात्री आहे. तरी त्या शनिवारपासून मनातून जात नाही. पैसे गेले बायपासला आणि कागदावर गेले तारांना आणि टाक्यांना. डब्यात आणखी १,३३० डॉलरची बिलं वाचता आली असती, तर आईचं ऑपरेशन रिटर्नमध्ये कुठेच उरलं नसतं, आणि तेही कायदेशीरच झालं असतं. मी तो प्रश्न विचारला नसता तर ६,२००च्या ६,२०० पंधराव्या ओळीत बसले असते. तेही कोणाला कळलं नसतं, आणि ते मात्र चूक होतं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, विचारतेसच कशाला? त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. मी पुढच्या वर्षीही विचारणार आहे.

ई-फाइलच्या फॉर्मवर सही करून ते उठले. जुळवलेली बिलं मी फाइलला लावत होते. दारापर्यंत गेले, परत आले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. नाशिकच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, आईच्या नावाचं. "याचा उपयोग नाही, कळलं मला," म्हणाले. "पण फाइलमध्ये राहू दे."

मी ते पंच करून सगळ्यात वर लावलं.