बाहाच्या रस्त्यावर एका गाडीत चौघं

देवमासे बघायचे होते काकूंना. काकू म्हणजे दादांच्या आई, वय बहात्तर, नागपूरहून सहा महिन्यांसाठी सॅन दिएगोला मुलाकडे आलेल्या. दादा-वहिनींशी माझी ओळख तशी गणपतीच्या आरतीपुरतीच. पण जानेवारीत हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले तेव्हा काकू म्हणाल्या की मेक्सिकोत म्हणे देवमासे होडीपाशी येतात, मला घेऊन चला. मला तिकडचा बाहाचा रस्ता दोन वर्षं खुणावत होता, एकटीनं जायचा धीर होत नव्हता. तिथंच ठरलं. फेब्रुवारी 2023, नऊ दिवस, दादांची गाडी, आम्ही चौघं.

बाहा कालिफोर्निया हे कॅलिफोर्नियाच्या खाली लोंबणारं मेक्सिकोचं लांबट द्वीपकल्प. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कोर्तेसचा समुद्र आणि मध्ये बहुतेक वाळवंटच. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत जाणारा महामार्ग क्रमांक 1 सतराशे किलोमीटरचा आहे आणि तो 1973 साली पुरा झाला. त्याआधी दक्षिणेला जायचं तर कच्च्या वाटेनं आठवडे लागत. आम्हाला निम्म्याच्या थोडं पुढंपर्यंत जायचं होतं.

निघण्याआधी दोन रविवार आम्ही दादांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. कागदपत्रांचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. लागतो तो सीमेवर मिळणारा प्रवेशाचा फॉर्म, आणि तो आपण होऊन मागावा लागतो. गाड्यांची रांग सरळ पुढं सरकत असते, कुणी हात दाखवला नाही तर माणूस सहज शहरात शिरतो आणि शिक्का राहून जातो. आम्ही ठरवून बाजूला गाडी लावली, चौघांचे पासपोर्ट खिडकीवर दिले, सात दिवसांपेक्षा जास्त राहणार म्हणून फी भरली आणि पावती जपून ठेवली. दुसरी गोष्ट विम्याची. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत ग्राह्य धरत नाहीत. अपघात झाला आणि तिथला विमा नसला तर नुकसानभरपाईचा निकाल लागेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. आम्ही नऊ दिवसांचा मेक्सिकन विमा घेतला, त्यात माझं आणि वहिनींचंही नाव चालक म्हणून घातलं आणि कागद छापून घेतला. बाहात गाडी न्यायला वेगळा परवाना लागत नाही, मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर न्यायची असेल तर लागतो.

खरा वेळ गेला तो आपसातल्या गोष्टी ठरवण्यात. पैशांसाठी एक स्टीलचा डबा केला. दर सकाळी माणशी सारखे पेसो त्यात टाकायचे; पेट्रोल, जेवण, खोली सगळं त्यातूनच. दर दोन तासांनी चालक बदलायचा. काकू थांबा म्हणाल्या की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. हा शेवटचा नियम माझा. त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी साइडपट्टीच नाही, डांबर संपलं की सरळ उतार. रात्री डांबर उबदार असतं म्हणून गुरं त्यावर येऊन बसतात.

पहिल्या दिवशी सान किंतीनपर्यंत तीनशे किलोमीटर गेलो. दुसऱ्या दिवशी एल रोसारिओच्या पंपावर टाकी फुल केली. तिथं अर्धी टाकी भरलेली असली तरी भरून घ्यायची असते, कारण पुढं तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. मध्ये कातावीन्यात पिंपातून पेट्रोल विकतात, मिळालं तर. पंपावर एक कॅनडियन आजोबा भेटले. निवृत्त शाळामास्तर, जुनी व्हॅन, दर हिवाळ्यात एकटेच दक्षिणेतल्या मुलेहे गावाला जाऊन राहणारे. त्यांनी काकूंना पाहिलं, आमच्या टायरांकडं पाहिलं आणि म्हणाले, मी मागून येतो, घाई नाही मला.

एल रोसारिओनंतर जमीन बदलते. सिरिओ नावाची झाडं सुरू होतात. स्पॅनिशमध्ये सिरिओ म्हणजे देवळातली उंच मेणबत्ती. हे झाड या द्वीपकल्पावर आणि समुद्रापलीकडं मुख्य भूमीवरच्या सोनोरा राज्याच्या एका छोट्या पट्ट्यात, एवढंच आढळतं. बुंधा पांढरट, वर निमुळता होत गेलेला, अंगावर बारीक काटेरी काड्या. काकू म्हणाल्या, मुळा उपटून उलटा रोवलाय. त्यांच्या बाजूला कार्दोन, हातभर जाडीचे नव्हे तर मिठीत न मावणारे निवडुंग, काही चार मजली इमारतीएवढे. आपल्याकडचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातलाच. आदल्या रात्री सान किंतीनच्या खानावळीत त्याचीच कोवळी पानं काटे काढून, परतून आमच्या ताटात आली होती. चवीला भेंडीच्या जवळची.

कातावीन्याच्या अलीकडं रस्ता ओढ्यांच्या पात्रात उतरतो. पूल नाहीत, आपल्याकडच्या फरश्या असतात तसं, पाणी आलं तर रस्त्यावरून वाहून जावं अशी रचना. तिथं त्याला वादो म्हणतात. तिसऱ्या फरशीच्या तळाशी सावलीत खड्डा होता, मला तो दिसला नाही आणि पुढचा टायर फाटला. गाडी मी चालवत होते. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि त्यामुळेच मला जास्त रडू आलं. वहिनींनी काकूंना उतरवून झाडाच्या तुटपुंज्या सावलीत खुर्ची मांडली. दादांनी जॅक लावला. आजोबांनी व्हॅन वर रस्त्यावर उभी करून दिवे लुकलुकत ठेवले, म्हणजे उतारावरून येणारा ट्रक आधीच सावध होईल. स्टेपनी ती बारीक, तात्पुरती. तिच्यावर ताशी सत्तरच्या आत हळूहळू कातावीन्या गाठलं.

तिथं रस्त्याकडेला रंगवलेला टायर टांगून ‘यांतेरा’ लिहिलेली टपरी होती. यांतेरा म्हणजे आपलं पंक्चरचं दुकान, बाहात गावागणिक असतं. त्या माणसानं ढिगातून आमच्या मापाचा वापरलेला टायर शोधून काढला, पण सगळं होईपर्यंत चार वाजले. दादांना गेरेरो नेग्रोला पोचायचं होतं, खोलीचे पैसे आधीच भरले होते. अंतर दोनशे पस्तीस किलोमीटर, सूर्यास्ताला जेमतेम दीड तास. दादा म्हणाले, सावकाश जाऊ. मी नाही म्हटलं. आवाज दोघांचेही चढले. सकाळच्या खड्ड्यामुळं आपल्याला बोलायचा अधिकार उरला नाही असं मला वाटत होतं, तरी मी मागं हटले नाही. वहिनी मध्ये पडल्या नाहीत. काकू खुर्चीतून उठल्या, गाडीतून आपली पिशवी काढली आणि म्हणाल्या, “मी इथेच झोपते.” मग आम्ही तिथंच खोल्या शोधल्या. भरलेले पैसे गेले, ते डब्यातून गेले असं धरलं, दादांच्या एकट्याच्या माथी मारलं नाही. संध्याकाळी घराएवढ्या गोल दगडांच्या रानात मेतकूट-भात खाल्ला. रात्री तारे इतके होते की काकूंना ध्रुव सापडायला वेळ लागला.

वाटेत लष्कराचे नाके लागतात. कुठून आलात, कुठं चाललात, एवढंच विचारतात, कधी सामान बघतात. एका कोवळ्या सैनिकानं मेतकुटाचा डबा उघडला आणि पिवळी पूड बघून थबकला. काकूंनी चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवली, मग त्याच्या तळहातावर. त्यानं चाखलं, मान हलवली आणि डबा झाकण नीट लावून परत दिला.

अठ्ठाविसाव्या अक्षांशावर राज्य बदलतं आणि हिवाळ्यात घड्याळ तासभर पुढं जातं. तिथल्या शेतीच्या नाक्यावर गाडीखाली औषध फवारलं आणि दादांनी जपून आणलेली संत्री काढून घेतली. फळमाशी दक्षिणेला जाऊ नये म्हणून ही तपासणी असते. आधी माहीत असतं तर अलीकडंच खाऊन टाकली असती. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सान इग्नासिओ हे खजुरांच्या झाडीतलं गाव आणि तिथून साठेक किलोमीटरवर खाडी. करडे देवमासे उन्हाळ्यात अलास्काच्याही वर, आर्क्टिकजवळच्या थंड पाण्यात पोट भरतात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहत या उथळ, उबदार खाड्यांमध्ये पिल्लं द्यायला येतात. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी या खाड्यांमध्येच त्यांना गाठून मारलं. पिल्लासाठी माद्या होड्यांवर उलटत, म्हणून ते त्यांना सैतानमासे म्हणत. आपण ज्याला देवमासा म्हणतो त्याला! तिथले कोळीही त्यांना घाबरून असत. 1972 साली पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीशी एक देवमासा येऊन थांबला, त्यानं भीत भीत हात लावला, आणि तिथून सगळं बदललं. पुढं या खाडीकाठी मोठं मिठागर उभारायचं घाटत होतं, जगभरातून विरोध झाला आणि 2000 साली सरकारनं तो बेत रद्द केला. म्हणून आम्हाला ती खाडी तशीच बघायला मिळाली.

होडीत चढताना काकूंचे गुडघे वळेनात. दोन कोळ्यांनी हातांची खुर्ची करून त्यांना आत ठेवलं. खाडीत एका वेळी मोजक्याच होड्या सोडतात आणि नावाडी देवमाशाचा पाठलाग करत नाही. इंजिन मंद ठेवून थांबायचं, त्याला वाटलं तर तो येतो. पाऊण तास कुणी आलं नाही. मग पाण्याखाली एक फिकट सावली सरकली, होडीपेक्षा लांब. तिच्या अंगाला लागून पिल्लू. ते होडीच्या कडेला घासत वर आलं, फुस्सकन श्वास सोडला, आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पाणी. काकूंनी हात खाली सोडला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. आई मागंच होती, हललीही नाही.

“बाळंतपणाले माहेरी आली वो हे,” काकू म्हणाल्या. मग बराच वेळ त्या त्या पिल्लाशी नुसतं बोलत राहिल्या, आपण तान्ह्या बाळाशी बोलतो तसं. दादा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले होते. वहिनींनी फोन खाली ठेवला. आमच्यापैकी कुणाकडंही त्या क्षणाचा फोटो नाही.

पुढं सांता रोसालिया, तिथलं लोखंडी पत्र्यांचं चर्च, मग मुलेहे आणि कोन्सेप्सिओन उपसागराचे किनारे. दोन दिवस पाण्यात पाय सोडून काढले. आजोबा तिथंच राहणार होते. निघताना त्यांनी पेट्रोलचा दहा लिटरचा लाल कॅन आमच्या डिकीत ठेवला. परतीच्या मोकळ्या पट्ट्यात लागला तर वापरा, म्हणाले, आणि एल रोसारिओला पोचलात की दक्षिणेला जाणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. काकूंनी त्यांना उरलेलं मेतकूट दिलं आणि ते भातावर तूप घालून खायचं हे वहिनींकरवी दोनदा समजावलं.

कॅन उघडावा लागला नाही. एल रोसारिओच्या पंपावर दोन मोटारसायकलवाल्या मुली टाक्या भरत होत्या, दक्षिणेला निघालेल्या. दादांनी कॅन त्यांच्या कॅरिअरला दोरीनं पक्का बांधून दिला. मी त्यांच्या नकाशावर तिसऱ्या फरशीपाशी पेननं गोल केला.