मिलियन, बिलियन आणि झिलियन

इंग्रजी बातमीत 'बिलियन' दिसलं की माझी बोटं आपोआप शून्यं मोजायला लागतात. दहा लाखांचा मिलियन, शंभर कोटींचा बिलियन, लाख कोटींचा ट्रिलियन हे पाठ आहे, तरी दर वेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो. आपण हजारापुढे दोन-दोन घरं सरकणारी माणसं, ते तीन-तीन. स्वल्पविरामावरच निम्मी गाडी घसरते.

बरं, या शब्दांनी तरी एका अर्थावर ठाम राहावं! ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, आपले लाख कोटी. अमेरिकेत तोच बिलियन हजार मिलियनचा. भाषा एक, स्पेलिंग एक आणि फरक हजार पटींचा. डिसेंबर १९७४मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केलं की मंत्री हा शब्द हजार मिलियन याच अर्थाने वापरतील. थोडक्यात, अमेरिकेचा हिशेब मान्य. त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन आढळला की आधी छपाईचं साल बघावं.

जर्मन लोक मात्र अजून हटलेले नाहीत. त्यांच्याकडे शंभर कोटींना 'मिलियार्डे' आणि लाख कोटींना 'बिलियोन'. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. जर्मन हिशेबाने ते ४.२ बिलियन, अमेरिकन हिशेबाने ट्रिलियन. पाव घ्यायला निघालेल्याला त्याचं काय सोयरसुतक!

हे शब्द लागोपाठ उच्चारले की सख्खी भावंडं वाटतात, घोटाळा तिथेच होतो. मिलियन सेकंद म्हणजे जेमतेम साडेअकरा दिवस. बिलियन सेकंद म्हणजे एकतीस वर्षांहून जास्त. ट्रिलियन सेकंद मागे गेलात तर शेतीसुद्धा सुरू झालेली नसते. ऐकताना मात्र फरक एका अक्षराचा, फार तर दोन. 'कंपनीला काही मिलियन, सॉरी, बिलियनचा तोटा' असं टीव्हीवर सहज दुरुस्त केलं जातं आणि ऐकणाऱ्याचा चहा जराही हिंदकळत नाही.

झिम्बाब्वेने २००९मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली. एकावर चौदा शून्यं, म्हणजे कोटी गुणिले कोटी. तिच्या छायाचित्रात एकावर एक रचलेले दगड आहेत आणि शेजारी शून्यांची आगगाडी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या यादीत या आकड्याला स्वतंत्र नाव आहे: जलधी. एका नोटेत अख्खा समुद्र! इंग्रजीला इथे 'शंभर' आणि 'ट्रिलियन' असे दोन डबे जोडावे लागतात.

एकावर शंभर शून्यं असलेल्या 'गूगोल'चं बारसं तर गणितज्ञ एडवर्ड कॅसनर यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याने केलं. पोराने ओठांवर आला तो आवाज काढला आणि गणिताने तो ठेवून घेतला. पुढे त्याचंच बिघडलेलं स्पेलिंग आपण दिवसभर फोनवर दाबत बसतो.

मला खरे आवडतात ते 'झिलियन' आणि 'अम्प्टीन'. अर्थ नुसता 'पुष्कळ', एकही शून्य मोजायला न लावणारे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश सैनिक तारायंत्राच्या मोर्स लिपीतल्या लांब रेघेला 'अम्प्टी' म्हणत. अमुक पलटण असं मोघम सांगायचं झालं की आकड्याच्या जागी तोच शब्द आणि त्याच्याच शेपटीला 'टीन' लागून 'अम्प्टीन'. आपला 'छप्पन्न' याच जातीचा. 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत' म्हणणाऱ्याला 'सत्तावन्नावा कोण?' असं कुणी विचारत नाही. आमच्या ऑफिसात एक साहेब 'आय टोल्ड यू अम्प्टीन टाइम्स' म्हणत आवाज चढवतात. मेल उघडून पाहिलं तर दोनदा सांगितलेलं असतं आणि त्यातलं एक दुसऱ्यालाच.